खिडकी, आरसा आणि पडदा : डीएसएलआरकडून मिररलेस कॅमेऱ्याकडे झालेल्या स्थित्यंतराची एक समीक्षा

गोषवारा

इ.स. २००८ मध्ये बाजारात आलेल्या आणि २०१८ नंतर व्यावसायिक छायाचित्रणात स्थिरावलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांची चर्चा बहुधा आकार आणि वजन या दोन मुद्द्यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात या चर्चेची चिकित्सा केली आहे. वजनातील घट ही अंशतःच खरी आहे आणि या स्थित्यंतराचा खरा आशय छायाचित्रकाराच्या पाहण्यात, क्षण निवडण्यात आणि समोरच्या व्यक्तीशी असलेल्या त्याच्या नात्यात झालेल्या बदलात आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी खिडकी, आरसा आणि पडदा या तीन दर्शनपद्धतींची तुलना केली असून, नव्या साधनाचा स्वीकार करताना व्यावसायिकाने कोणती जबाबदारी पत्करली पाहिजे याचा विचार मांडला आहे.

बीजशब्द : छायाचित्रण, डीएसएलआर, मिररलेस, व्ह्यूफाइंडर, निर्णायक क्षण, संमती.

१. प्रास्ताविक

छायाचित्रणाविषयी लिहिताना दोन भूमिका वारंवार आढळतात. एका भूमिकेनुसार साधन बदलले की कला बदलते. दुसरीनुसार साधन गौण असून पाहणारा डोळाच काय तो महत्त्वाचा असतो. पहिली भूमिका जाहिरातदारांना सोयीची आहे, तर दुसरी कलावंतांना. परंतु कॅमेरा हे असे साधन आहे की, त्याच्यातूनच पाहावे लागते. डोळा आणि जग यांच्या मध्ये जे काही उभे असते त्याचे स्वरूप बदलले, तर पाहणेही काही प्रमाणात बदलणारच. ते नेमके कोठे आणि किती बदलले, हे तपासणे समीक्षेचे काम होय.

गेल्या काही वर्षांत असा एक बदल आपल्यासमोर घडून आला आहे. ज्या आरशामुळे एसएलआर कॅमेऱ्याला त्याचे नाव आणि रूप मिळाले, तो आरसाच व्यावसायिक कॅमेऱ्यातून काढून टाकण्यात आला. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी १ हा लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा आणला, तेव्हा तो हौशी ग्राहकांसाठी आहे असेच मानले गेले. सोनीने २०१३ मध्ये पूर्ण आकाराचा, म्हणजे २४ × ३६ मिलिमीटरचा सेन्सर असलेले अल्फा ७ मालिकेतील कॅमेरे आणले आणि २०१७ मध्ये अल्फा ९ आणला. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोन्ही प्रस्थापित कंपन्यांनी पूर्ण आकाराच्या सेन्सरचे आपापले मिररलेस कॅमेरे सादर केले. २०२० च्या जुलै महिन्यात असोसिएटेड प्रेस या जागतिक वृत्तसंस्थेने आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीचीच सामग्री वापरण्याचे जाहीर केले. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार त्याच वर्षी मिररलेस कॅमेऱ्यांच्या निर्गमनाची संख्या डीएसएलआरपेक्षा प्रथमच अधिक झाली. कॅननचा वन डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी ६ हे दोन्ही २०२० चेच. त्यानंतर या दोन कंपन्यांनी त्या दर्जाचा नवा डीएसएलआर आणलेला नाही. पेंटॅक्सने २०२१ मध्ये के ३ मार्क थ्री हा नवा डीएसएलआर काढून प्रवाहाविरुद्ध जाण्याचे धाडस केले. परंतु त्यामुळे प्रवाहाची दिशा बदलली नाही.

या स्थित्यंतराचे समर्थन प्रामुख्याने 'लहान आणि हलका' या दोन विशेषणांनी केले गेले. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या विशेषणांच्या खरेपणाबद्दल जितका आहे, त्याहून अधिक ती अपुरी असण्याबद्दल आहे.

२. आरशाचे कार्य

बदल समजून घेण्यासाठी जे गेले त्याचे कार्य प्रथम पाहिले पाहिजे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत तिरप्या बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर असलेल्या घासलेल्या काचेवर प्रतिमा उमटते आणि पंचकोनी लोलकातून ती सरळ होऊन डोळ्यापर्यंत पोहोचते. शटरचे बटण दाबताच लेन्सचे छिद्र ठरवलेल्या मापापर्यंत आकसते, आरसा वर उचलला जातो, शटर उघडून मिटते आणि आरसा पुन्हा खाली येतो. निकॉनने १९५९ मध्ये एफ हा कॅमेरा आणल्यानंतर ही रचना वृत्तछायाचित्रणात प्रस्थापित झाली. १९९९ मध्ये आलेल्या निकॉन डी १ मध्ये फिल्मची जागा २.७ मेगापिक्सेलच्या सेन्सरने घेतली, परंतु आरसा जागच्या जागी राहिला. म्हणजे डिजिटल क्रांती म्हणून जिचा गौरव झाला, तिने ग्रहण करणारा पृष्ठभाग बदलला. पाहण्याची रीत मात्र बदलली नाही. ती बदलण्यास पुढे आणखी दोन दशके जावी लागली.

या रचनेतील एका विसंगतीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. आरसा वर गेलेला असतो तेव्हा व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार असतो आणि छायाचित्र त्याच वेळी घेतले जाते. म्हणजे एसएलआरच्या छायाचित्रकाराला आपण टिपलेला क्षण सोडून बाकी सर्व काही दिसते. त्याने पाहिलेला क्षण टिपलेला नसतो आणि टिपलेला क्षण त्याने पाहिलेला नसतो. अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगातील महत्त्वाची असंख्य वृत्तछायाचित्रे या लहानशा अंधारात घेतली गेली. सरावाने छायाचित्रकार हा अंधार गृहीत धरू लागला आणि पुढे काय घडणार याचा अंदाज बांधणे हे त्याच्या कौशल्याचे केंद्र बनले. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटला लागताना व्ह्यूफाइंडरमध्ये दिसला, तर ते छायाचित्र हुकले असे मानावे, हा या व्यवसायातील अनुभवसिद्ध नियम याच विसंगतीतून आला आहे.

याखेरीज आरसा चित्राचे अनेक गुणधर्म लपवतो. छायाचित्रकार पाहतो तेव्हा लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे असते. त्यामुळे पुढची-मागची किती खोली स्पष्ट येणार आहे हे त्याला सहजी कळत नाही. चित्र उजळ येणार की काळवंडणार, हेही कळत नाही. थोडक्यात, आरसा जग दाखवतो, चित्र दाखवत नाही. चित्र मनात तयार करावे लागते.

३. वजनाच्या युक्तिवादाची तपासणी

लहान कॅमेऱ्याचे आकर्षण नवे नाही. जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ओस्कार बार्नाकने घडवलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा वाहून नेणे दम्याच्या विकारामुळे बार्नाकला झेपत नसे, असे सांगितले जाते. आपल्याकडील उदाहरण होमाई व्यारावाला यांचे देता येईल. मुंबईत शिकलेल्या या देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकाराने स्वातंत्र्याच्या आगेमागे दिल्लीत जे काम केले, त्यात स्पीड ग्राफिकसारखे बोजड कॅमेरे होते आणि तुलनेने सुटसुटीत असा रोलायफ्लेक्सही होता. म्हणजे ओझे कमी करण्याची ओढ वृत्तछायाचित्रणाइतकीच जुनी आहे.

तथापि लायका लहान का होऊ शकला, हे लक्षात घेतले पाहिजे. बार्नाकने प्रतिमेचे क्षेत्रफळच लहान केले. मोठ्या प्लेटेऐवजी सिनेमाच्या फिल्मवर २४ × ३६ मिलिमीटरची चौकट त्याने स्वीकारली आणि तेवढीच चौकट झाकणारी लेन्स साहजिकच लहान झाली. २००८ च्या पहिल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी हेच केले होते. त्यांचा सेन्सर साधारण १७.३ × १३ मिलिमीटरचा होता, म्हणून कॅमेरा आणि लेन्स दोन्ही खरोखर लहान झाले. परंतु व्यावसायिकांनी जे मिररलेस कॅमेरे पुढे स्वीकारले, त्यांपैकी बहुतेकांचा सेन्सर पुन्हा २४ × ३६ मिलिमीटरचाच आहे. आरसा काढल्याने कॅमेऱ्याची बॉडी सडपातळ होते. लांब पल्ल्याच्या, अधिक प्रकाश घेणाऱ्या लेन्सला मात्र काचेचे तेवढेच मोठे भिंग लागते. प्रकाशशास्त्राचा हा नियम कोणत्याही कंपनीला बदलता येत नाही.

आकडे हेच सांगतात. निकॉनच्या डी ८५० या २०१७ च्या डीएसएलआरचे वजन बॅटरी आणि कार्डासह सुमारे १००५ ग्रॅम, तर २०१८ च्या झेड ७ चे सुमारे ६७५ ग्रॅम. येथे ३३० ग्रॅमची बचत स्पष्ट आहे. मात्र ७०–२०० मिलिमीटर एफ २.८ या, लग्नापासून सभेपर्यंत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लेन्सची निकॉनची जुनी आवृत्ती सुमारे १४३० ग्रॅमची आणि मिररलेससाठीची नवी आवृत्ती तिपाईच्या कड्यासह सुमारे १४४० ग्रॅमची आहे. सर्वोच्च श्रेणीत तर फरक आणखी पुसट होतो. डी ६ सुमारे १४५० ग्रॅम आणि २०२१ चा झेड ९ सुमारे १३४० ग्रॅम. कॅननने मिररलेससाठी केलेली ७०–२०० एफ २.८ लेन्स सुमारे १०७० ग्रॅमपर्यंत खाली आणली, हे खरे. पण त्याच कॅननने २०१८ मध्ये मिररलेससाठी काढलेली २८–७० एफ २ ही लेन्स सुमारे १४३० ग्रॅमची आहे, तर डीएसएलआरसाठीची २४–७० एफ २.८ ची दुसरी आवृत्ती सुमारे ८०५ ग्रॅमची होती.

या शेवटच्या उदाहरणातच खरे कारण दडले आहे. आरसा गेल्यामुळे लेन्सची बैठक सेन्सरच्या जवळ आली. निकॉनच्या बाबतीत हे अंतर ४६.५ मिलिमीटरवरून १६ वर आले, कॅननच्या बाबतीत ४४ वरून २० वर. मोठे मागील भिंग सेन्सरच्या निकट ठेवण्याची मुभा यामुळे भिंगरचनाकारांना मिळाली. त्यांनी ती लहानपणासाठी क्वचित आणि अधिक प्रकाश व कडेपर्यंतची सुस्पष्टता यांसाठी अधिक वापरली. निकॉनची २०१९ ची ५८ मिलिमीटर एफ ०.९५ ही लेन्स दोन किलोग्रॅम वजनाची आहे. तेव्हा 'मिररलेस म्हणजे लहान' हे समीकरण व्यावसायिक उपयोगापुरते तरी बरोबर नाही.

बचतीच्या हिशेबात बॅटरीही धरली पाहिजे. डीएसएलआरमध्ये पाहण्यासाठी वीज लागत नाही. मिररलेसमध्ये पाहणे हेच विजेवर अवलंबून आहे. प्रमाणित चाचणीनुसार डी ८५० एका बॅटरीवर सुमारे १८४० छायाचित्रे घेतो, झेड ७ सुमारे ३३०. प्रत्यक्ष कामात, विशेषतः सलग छायाचित्रे घेताना, दोन्ही आकडे वाढतात आणि पुढील मॉडेलमध्ये बरीच सुधारणाही झाली आहे. तरीही पहाटेच्या मुहूर्तापासून रात्रीच्या स्वागत समारंभापर्यंत उभ्या असलेल्या छायाचित्रकाराच्या खिशात जादा बॅटऱ्या आल्या, ही वस्तुस्थिती उरते.

याचा अर्थ हलकेपणा निरर्थक आहे असा नव्हे. दोन बॉडी खांद्यावर घेऊन दहा तास वावरणाऱ्याला साडेसहाशे ग्रॅम कमी होणे ही मोठी गोष्ट आहे. मान आणि पाठ यांची दुखणी ही या व्यवसायाची न बोललेली किंमत आहे. परंतु एवढ्यासाठीच व्यवसायाचे सर्व भांडवल बदलायचे असेल, तर ते समर्थन तोकडे पडते.

४. दर्शनाच्या तीन पद्धती

खरा बदल पाहण्यात आहे. छायाचित्रकार कशातून पाहतो, या दृष्टीने कॅमेऱ्यांचे तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग खिडकीचा. लायकाच्या रेंजफाइंडर प्रकारात व्ह्यूफाइंडर लेन्सपासून वेगळा असतो. त्यात चौकटीबाहेरचे जगही दिसते, कोण चौकटीत येऊ घातले आहे हे कळते आणि छायाचित्र घेताना दृश्य अंधारत नाही. मात्र लेन्सला दिसणारे आणि डोळ्याला दिसणारे यांत थोडा फरक राहतो. आरसा नसलेला कॅमेरा म्हणून हा प्रकार जुनाच आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. दुसरा वर्ग आरशाचा. त्यात लेन्सला दिसते तेच दिसते, पण निर्णायक वेळी दिसत नाही. तिसरा वर्ग पडद्याचा. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एक सूक्ष्म पडदा असून सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाचे संस्कारित चित्र त्यावर दिसते.

पडद्याचे लाभ निर्विवाद आहेत. चित्र उजळ येणार की काळवंडणार हे आधीच दिसते. अंधाऱ्या सभागृहात डोळ्याला न दिसणारे चेहरे दिसतात. फोकस सेन्सरवरच तपासला जात असल्यामुळे, डीएसएलआरमध्ये वेगळ्या फोकस यंत्रणेमुळे उद्भवणारी, लेन्सगणिक जुळवणी करावी लागण्याची कटकट बहुतांशी संपली. माणसाचा डोळा ओळखून त्यावरच फोकस धरून ठेवण्याची सोय तर आरशाच्या युगातील छायाचित्रकाराला स्वप्नवत वाटली असती. अल्फा ९ आल्यापासून, सेकंदाला वीस छायाचित्रे घेत असतानाही दृश्य अखंड दिसू लागले. ज्या अंधाराचा उल्लेख वर केला तो संपला. टिपलेला क्षण पाहणाऱ्याला परत मिळाला, असे यथार्थपणे म्हणता येईल.

तथापि पडद्यावर दिसते ते जग नसून चित्र आहे, हे विसरून चालणार नाही. त्या चित्रातील रंग, उजेड-अंधाराचे प्रमाण आणि तीव्रता ही कॅमेऱ्यातील संस्कारकाने ठरवलेली असतात. मांडवाच्या कनातीआडून येणारे दुपारचे ऊन पडद्यावर पांढरेफटक दिसते, तेव्हा रॉ फाइलमध्ये तेथील तपशील कदाचित शाबूत असतो; परंतु पाहणारा पडद्यावर विश्वासून आपला निर्णय बदलतो. कॅमेरा जे चित्र सुचवतो त्याला मान्यता देणे, एवढेच काम छायाचित्रकाराकडे उरण्याचा धोका येथे आहे. आरशातून पाहणाऱ्याला जगाचे चित्रात रूपांतर स्वतःच्या मनात करावे लागे. पडद्यातून पाहणाऱ्याला ते आयते मिळते.

छायाचित्रणाच्या अध्यापनात हा फरक विशेष जाणवण्यासारखा आहे. प्रकाश मोजणे, त्याचा अंदाज घेणे आणि तो अंदाज परिणामाशी ताडून पाहणे, या क्रमाने विद्यार्थ्याची दृष्टी घडत असे. अंदाज आणि परिणाम यांच्यातील अंतर हेच शिक्षणाचे स्थान होते. पडद्यावर परिणाम आधीच दिसत असल्यामुळे हे अंतर नाहीसे होते. विद्यार्थी चांगली चित्रे लवकर काढू लागतो, पण ती चांगली का आली हे सांगण्यास तो उशिरा शिकतो. म्हणून पडद्यावरील उजेडाचे पूर्वदर्शन बंद ठेवून, जुन्या पद्धतीने प्रकाश मोजण्याचा सराव अभ्यासक्रमात मुद्दाम ठेवणे इष्ट होय. तशी सोय बहुतेक व्यावसायिक कॅमेऱ्यांत उपलब्ध आहे.

५. क्षणाची मालकी

आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२ च्या ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीमुळे 'निर्णायक क्षण' ही संज्ञा जगभर रूढ झाली. दृश्यातील घटना आणि रचना यांचा मेळ ज्या क्षणी साधतो, त्याच क्षणी बटण दाबले जाणे, असा तिचा सर्वसाधारण आशय. लायकाच्या खिडकीतून पाहणाऱ्या कलावंताने ही संज्ञा रुजवावी, यात नवल नाही. आरशाच्या कॅमेऱ्यात तिला थोडी मुरड पडली, कारण तेथे क्षण दिसण्याआधीच दाबावे लागे.

मिररलेस कॅमेऱ्याने या कल्पनेच्या मुळाशीच हात घातला आहे. सेन्सर सतत पाहत असल्यामुळे, बटण पूर्ण दाबण्यापूर्वीच्या काही क्षणांची छायाचित्रे साठवून ठेवण्याची सोय करता येते. ऑलिम्पसने २०१६ च्या ई-एम १ मार्क टू मध्ये ती दिली, निकॉनने २०२२ मध्ये झेड ९ ला सॉफ्टवेअरद्वारे दिली, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या अल्फा ९ थ्री मध्ये सेकंदाला १२० छायाचित्रांच्या वेगाने, दाबण्याच्या एक सेकंद आधीपर्यंत मागे जाता येते. आता क्षण हुकल्यावरही तो टिपता येतो.

महाराष्ट्रीय विवाहातील अंतरपाटाचा प्रसंग येथे उदाहरण म्हणून घेता येईल. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजतात आणि वधूवर एकमेकांना पाहतात. हा क्षण काही सेकंदांचा. अक्षतांचा वर्षाव, उंचावलेले हात आणि पुढे सरसावलेले नातेवाईक यांतून तो टिपावा लागतो. डीएसएलआर वापरणारा अनुभवी छायाचित्रकार भटजींच्या स्वरावरून आणि अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातांच्या हालचालींवरून तो ओळखतो. त्याचे कौशल्य कॅमेऱ्यात नसून विधीच्या ज्ञानात असते. पूर्वग्रहणाची सोय असलेल्या कॅमेऱ्यात हे ज्ञान नसले तरी चालते. पाट दूर झाल्यावर दाबले, तरी आधीचे क्षण हाती लागतात.

यजमानाच्या दृष्टीने हे हिताचेच आहे, कारण तो प्रसंग पुन्हा घडवता येत नाही. परंतु समीक्षेला विचारावे लागते की, ते छायाचित्र 'घेतले' कोणी. निर्णयाची जागा येथे बटण दाबण्यापासून निवडण्याकडे सरकते. एका सेकंदाच्या शंभर-सव्वाशे प्रतिमांतून एक काढायची, हे संपादकाचे काम आहे. संपादनही सर्जनशील असू शकते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ज्याला प्रसंग आतून माहीत नाही, त्याला शंभर प्रतिमांतून योग्य ती ओळखताही येत नाही. तो सर्वांत स्पष्ट प्रतिमा निवडतो, सर्वांत अर्थपूर्ण नव्हे. म्हणजे ज्ञानाची गरज टळली नाही, ती पुढे ढकलली गेली, एवढेच. शिवाय निवडीचे हे ओझे रात्री संगणकापुढे बसून वाहावे लागते. कॅमेऱ्याचे वजन घटले आणि कामाचे तास वाढले, हा या स्थित्यंतराचा एक अलिखित व्यवहार आहे.

६. मौन आणि संमती

आरसा गेला तसा त्याचा आवाजही गेला. इलेक्ट्रॉनिक शटर वापरल्यास कॅमेरा पूर्णतः निःशब्द होतो. झेड ९ मध्ये तर यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफिलीत विलंबित आलापाच्या वेळी आरशाचा खटका ऐकू येणे, हा गायक आणि श्रोते दोघांवरही अन्यायच असे. तेथे हे मौन वरदान ठरते. नाट्यप्रयोग, न्यायालयीन सुनावणी, व्याख्यान, अंत्यदर्शन अशा सर्व प्रसंगांना हेच लागू पडते. मांडवात मात्र वाजंत्रीपुढे शटरचा आवाज तसाही कोणाला ऐकू येत नसे.

या मौनाला दोन मर्यादा आहेत. पहिली तांत्रिक आहे. अनेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचते. त्यामुळे वेगाने हलणारी वस्तू तिरकी दिसू शकते आणि आपल्या पन्नास हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. अल्फा ९ थ्री मध्ये सर्व ओळी एकाच वेळी वाचणारा सेन्सर आल्याने हा दोष दूर झाला आहे. परंतु तो कॅमेरा सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यातला नाही.

दुसरी मर्यादा नैतिक आहे आणि ती अधिक गंभीर आहे. शटरचा आवाज ही केवळ अडचण नव्हती, ती एक सूचनाही होती. आपले छायाचित्र घेतले गेले, हे समोरच्या व्यक्तीला त्यातून कळे. ती हसे, मान वळवी किंवा हाताने नको म्हणे. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनमध्ये कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येऊ नये अशी व्यवस्था उत्पादकांनी ठेवली, ती नेमक्या याच कारणाने. लहान, निःशब्द आणि डोळ्याला न लावताही वापरता येणाऱ्या कॅमेऱ्यापुढे व्यक्तीची ही संधी हिरावली जाते. कॅमेरा जितका अदृश्य, तितके छायाचित्र 'नैसर्गिक', असे म्हटले जाते. पण नैसर्गिकता हा गुण छायाचित्राचा असला, तरी त्याची किंमत समोरच्याने नकळत मोजलेली असू शकते. मोठा कॅमेरा आपली उपस्थिती जाहीर करी. लहान कॅमेरा वापरणाऱ्याने ती स्वतः जाहीर करावी लागेल.

७. व्यवसायाचे अर्थकारण

या स्थित्यंतराचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मोठ्या वृत्तसंस्था एका करारासरशी सर्व सामग्री बदलू शकतात. तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणाऱ्या व्यावसायिकाचे भांडवल मात्र बॉडीत नसून वर्षानुवर्षे जमवलेल्या लेन्समध्ये गुंतलेले असते. अडॅप्टर लावून जुन्या लेन्स वापरता येतात, हे आश्वासन पूर्णतः खोटे नाही. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर फोकससह काम करतात. निकॉनच्या बाबतीत, ज्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटार नाही, त्यांचा फोकस कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरवर हातानेच करावा लागतो. ५० मिलिमीटर एफ १.८ डी सारखी स्वस्त आणि सर्वत्र आढळणारी लेन्स यात मोडते. म्हणजे ज्याने कमी पैशांत संसार मांडला, त्यालाच अधिक मोडतोड सोसावी लागते.

आणखी एक सामाजिक पैलू येथे आहे. लग्नसमारंभात कॅमेऱ्याच्या आकारावरून छायाचित्रकाराची योग्यता आणि त्याचे दर ठरवण्याची यजमानांची सवय जुनी आहे. लहान कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या व्यावसायिकाला वऱ्हाडातील कोणी हौशी पाहुणा समजले, तर त्यात आश्चर्य नाही. अवजडपणा हा आजवर कौशल्याचा दृश्य पुरावा मानला गेला. तो पुरावा खोटा होता, हे खरे. पण त्याच्या जागी दुसरा उभा करण्यास वेळ लागेल आणि तो कामाच्या दर्जातूनच उभा करावा लागेल.

डीएसएलआरने काढलेले छायाचित्र मिररलेस आल्याने निकृष्ट होत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. डी ८५० च्या ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरपासून भिंतीभर मोठे मुद्रण आजही तेवढेच उत्तम होते. जुन्या डीएसएलआरचा फेरविक्रीचा बाजार होतकरू विद्यार्थ्यांना हे साधन अल्प खर्चात उपलब्ध करून देतो. ज्याचे काम मुख्यतः स्टुडिओतील व्यक्तिचित्रे किंवा ओळखपत्रे यांवर चालते, त्याने केवळ काळाबरोबर राहण्यासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मिररलेस कॅमेऱ्याचा लहानपणा बॉडीपुरता खरा आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरला लागणाऱ्या लेन्स भौतिक नियमांमुळे सरसकट लहान होत नाहीत. संपूर्ण संचाचे वजन करूनच निर्णय घेतला पाहिजे.

२) आरशाऐवजी पडदा आल्याने छायाचित्रकाराला जगाऐवजी तयार चित्र दिसते. यामुळे चुका कमी होतात, परंतु अंदाजाची शक्ती वापरावाचून क्षीण होण्याचा संभव आहे. अध्यापनात त्याची भरपाई केली पाहिजे.

३) पूर्वग्रहण आणि अतिवेगवान छायाचित्रणामुळे निर्णयाचा क्षण बटणाकडून निवडीकडे सरकला आहे. प्रसंगाच्या ज्ञानाची आवश्यकता त्यामुळे संपत नाही.

४) निःशब्दतेमुळे छायाचित्रकाराच्या अधिकारात भर पडली आहे. संमती मागण्याच्या जबाबदारीतही तितकीच भर पडली पाहिजे.

कॅमेऱ्यातून आरसा काढल्याने जवळपास सातत्याने वाढत गेलेल्या यांत्रिक गुंतागुंतीचा एक अध्याय संपला, आणि तो संपणे बहुतांशी योग्यच झाले. व्यावसायिकाने मिररलेसकडे जरूर जावे. परंतु खांद्यावरचा भार हलका होतो एवढ्याच कारणाने जाऊ नये. आरशाने त्याच्यावर जी शिस्त लादली होती, म्हणजे आधी ओळखणे, मनात चित्र रचणे आणि समोरच्याला आपली जाणीव होऊ देणे, ती शिस्त आता कोणतेही यंत्र त्याच्यावर लादणार नाही. ती त्याने स्वेच्छेने पाळावयाची आहे.